पुढच्यास ठेच, मागचा शहाणा

रानातील पायवाटेने दोन वाटसरू एकामागून एक चालले आहेत. पुढच्या वाटसरूच्या पायाला मातीत अर्धवट रुतलेला दगड लागतो. त्याच्या अंगठ्याला ठेच बसते, तो कळवळतो आणि क्षणभर खाली बसतो. मागून येणारा हे पाहतो, तो दगड ओळखतो आणि आपले पाऊल जपून बाजूला टाकतो. एवढ्या लहानशा प्रसंगातून मराठी भाषेला एक अर्थपूर्ण म्हण मिळाली आहे : ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा.’

म्हणीत शब्द अवघे चार आहेत. परंतु त्यांत एक मोठा व्यवहार सांगितला आहे. वेदना एकाला झाली आणि शहाणपण दुसऱ्याला मिळाले. पुढच्याने किंमत मोजली. मागच्याला ती मोजावी लागली नाही. स्वतः पडून शिकणे हा ज्ञानाचा एक मार्ग खरा. परंतु माणसाचे आयुष्य थोडे आणि वाटेवरील दगड पुष्कळ. प्रत्येक दगडाची ठेच स्वतः खाऊन शिकायचे म्हटले, तर माणूस फार दूर जाऊ शकणार नाही. म्हणून दुसऱ्याच्या अनुभवाकडे डोळसपणे पाहणे हा शहाणपणाचा सोपा मार्ग ठरतो.

हा अनुभव एका प्रांताचा किंवा एका भाषेचा नाही. चीन देशाच्या दक्षिण भागात, ग्वांगझू आणि हाँगकाँग या शहरांच्या परिसरात, कँटनी भाषा बोलली जाते. त्या भाषेतही याच अर्थाची एक म्हण रूढ आहे आणि योगायोग असा की, तीही चारच अक्षरांची आहे. चिनी लिपीत एकेका अक्षराला स्वतंत्र अर्थ असतो. या चार अक्षरांचा मिळून अर्थ होतो, ‘पुढची गाडी आरसा मानावी.’ पुढे गेलेली गाडी जेथे उलटली, तेथे मागच्या गाडीवानाने स्वतःचे भवितव्य पाहावे आणि सावध व्हावे, असा तिचा भाव आहे. मराठी म्हणीत पाय आहे, चिनी म्हणीत चाक आहे. वाट मात्र एकच आहे.

या म्हणीमागे फार जुना इतिहास आहे. इसवी सनापूर्वी २२१ मध्ये छिन घराण्याच्या राजाने सारा चीन जिंकून एका छत्राखाली आणला. त्याने राज्यात वजने-मापे एकसारखी केली. गाड्यांच्या दोन चाकांमधील अंतरही ठरवून दिले, म्हणजे सर्व गाड्या रस्त्यावरच्या एकाच चाकोरीतून धावू शकतील. परंतु कठोर कायदे आणि प्रजेवर लादलेली अवजड कामे यांमुळे लोक त्रस्त झाले. एवढे बलाढ्य साम्राज्य अवघ्या पंधरा वर्षांत कोसळले. पुढे हान घराण्याचे राज्य आले. त्या घराण्यातील वेन या सम्राटाच्या काळी जिआ यी नावाचा एक तरुण विद्वान होता. त्याने सम्राटाला एक निवेदन सादर केले. त्यात त्याने लोकांमध्ये प्रचलित असलेली गाडीची म्हण आधाराला घेतली आणि सांगितले की, छिनांची गाडी कोठे उलटली हे त्यांच्या चाकोऱ्यांवरून स्पष्ट दिसत आहे. तरीही ती वाट टाळली नाही, तर मागची गाडीही उलटेल.

जिआ यीच्या बोलण्यातील ‘तरीही’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पुढच्याला ठेच लागली म्हणजे मागचा आपोआप शहाणा होतो, असे आपली म्हण ऐकताना वाटते. प्रत्यक्षात तसे नेहमीच घडत नाही. एकाच दगडावर एकामागून एक दहा माणसे ठेचकाळतात. असे का होते? कोणी म्हणतो, ‘तो वेंधळा होता, म्हणून पडला, मी पडणार नाही.’ कोणी म्हणतो, ‘त्याची वाट वेगळी, माझी वाट वेगळी.’ कोणी त्या वेळी हळहळतो आणि चार दिवसांनी सारे विसरून जातो. शहाणे व्हायचे असेल, तर तीन गोष्टी कराव्या लागतात : ठेचेचे खरे कारण शोधणे, ते विसरले जाऊ नये अशी व्यवस्था करणे आणि वेळ आली म्हणजे त्याप्रमाणे वागणे. या तिन्ही गोष्टींची उदाहरणे महाराष्ट्रातच पाहावयास मिळतात.

पहिली गोष्ट खऱ्या कारणाची. दख्खनचे पठार कठीण खडकाचे असल्यामुळे येथे मोठे भूकंप होत नाहीत, असा समज एके काळी होता. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे सातारा जिल्ह्यात कोयनानगर येथे भूकंप झाला आणि त्या समजाला तडा गेला. परंतु कोयनेला मोठे धरण आहे, तेथील गोष्ट निराळी, असे म्हणून इतर भागांतील लोक निश्चिंत राहिले. पुढे सव्वीस वर्षांनी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत धरणी हादरली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून आलेली गावे गाढ झोपेत होती. किल्लारी आणि आसपासची कित्येक गावे क्षणार्धात ढिगाऱ्यात गेली. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली.

जगात याहून कितीतरी मोठे भूकंप झाले आहेत आणि त्यांपैकी काहींत याहून कमी प्राणहानी झाली आहे. मग येथे एवढा अनर्थ का झाला? अभ्यासकांनी पडलेली घरे तपासली. भिंती जाड दगडांच्या होत्या. परंतु ते दगड केवळ मातीत बसवलेले होते. भिंतीची आतली बाजू आणि बाहेरची बाजू यांना जोडणारे आरपार दगड नव्हते. छपरावर मातीचे जाड थर होते. जमीन हलताच भिंती फुटून सुट्या झाल्या आणि छपराचा सारा भार निजलेल्या माणसांवर आला. म्हणजे दोष दगडाचा नव्हता, बांधणीचा होता. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड घालावेत, दारे-खिडक्यांच्या वर सर्व भिंतींना बांधणारा सलग पट्टा असावा आणि छप्पर हलके ठेवावे, हा त्यातून मिळालेला धडा.

पुष्कळांनी मात्र घाईने निराळाच अर्थ काढला. दगडमातीचे घर वाईट आणि सिमेंट-काँक्रीटचे घर निर्धोक, असे त्यांना वाटले. २६ जानेवारी २००१ रोजी गुजरातेत कच्छमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा दूरच्या अहमदाबाद शहरात काँक्रीटच्या उंच इमारतीही कोसळल्या. जेथे बांधणी सदोष, तेथे काँक्रीटही तारत नाही. ठेच पाहून चुकीचे कारण मनात धरले, तर मागचा शहाणा होत नाही. तो फक्त दुसऱ्या दगडाकडे वळतो. खानदेशातही जुनी धाब्याची घरे आहेत. पावसाळ्यापूर्वी धाब्यावर मातीचा नवा थर देण्याची रीत आहे आणि त्या थराबरोबर छपराचा भारही वाढत जातो. १९३८ च्या मार्च महिन्यात सातपुड्याच्या परिसरातही भूकंप झाला होता. त्यामुळे किल्लारीची गोष्ट केवळ किल्लारीची नाही; ती तापीकाठच्या गावांनीही ऐकावी अशी आहे.

दुसरी गोष्ट स्मरणाची. माणसे विसरतात, म्हणून जे शिकलो ते लिहून ठेवावे लागते आणि त्याचा नियम करावा लागतो. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनवर भीषण दुष्काळ पडला. लक्षावधी माणसे अन्नावाचून आणि रोगाने मेली. त्यानंतर इंग्रज सरकारने आयोग नेमला. १८८० मध्ये त्याचा अहवाल आला आणि १८८३ मध्ये दुष्काळात काय करावे याची नियमावली तयार झाली. धान्याचे भाव चढू लागले, लोक गाव सोडून भटकू लागले, तर ती दुष्काळाची लक्षणे समजावीत. काम करू शकणाऱ्यांना सरकारी कामावर मजुरी द्यावी आणि वृद्ध, आजारी व दुबळे यांना थेट साहाय्य द्यावे, अशी त्यात व्यवस्था होती.

नियम लिहिले गेले, तरी काम संपले नाही. १८९९-१९०० चा दुष्काळ खानदेशाला अतिशय जाचक झाला. चारा-पाण्यावाचून गुरे मेली आणि पाठोपाठ रोगराई आली. नियमावली कपाटात होती. परंतु ती मनापासून आणि वेळेवर अमलात आली नाही, तर प्राण वाचत नाहीत, हे त्या वर्षाने दाखवले. पुढे १९७२ मध्ये महाराष्ट्रावर पुन्हा मोठा दुष्काळ आला. या वेळी रस्ते, तलाव आणि बांध यांची कामे मोठ्या प्रमाणावर काढण्यात आली. १९७३ च्या उन्हाळ्यात या कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. पिके बुडाली, हाल झाले. परंतु पूर्वीसारखा मृत्यूचा कहर झाला नाही. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी पुरस्कारलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले. संकट आल्यावर दया म्हणून काम द्यायचे, याऐवजी काम मागणे हा माणसाचा हक्क ठरला. शंभर वर्षांपूर्वी मेलेल्यांची ठेच अशा रीतीने मागून आलेल्यांच्या उपयोगी पडली.

तिसरी गोष्ट आचरणाची. ती समजून घेण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. जळगाव जिल्ह्यातील धरणगाव हे कापसाच्या मुलखातील गाव. सुरत-भुसावळ लोहमार्गावर, अमळनेर आणि जळगाव यांच्या दरम्यान ते वसले आहे. सभोवार काळी जमीन आहे. पावसाळ्यात या जमिनीत गाडीचे चाक रुतते, चिखल वाळला की चाकोरी दगडासारखी कठीण होते आणि मागून येणाऱ्या गाडीचे चाक नकळत तिच्यातच जाते. म्हणूनच मराठीत ‘चाकोरी’ या शब्दाला ‘ठरावीक सवय’ असाही अर्थ आला आहे. कपाशीच्या शेतीतही अशी एक चाकोरी पडली होती.

कपाशीची एक मोठी वैरीण म्हणजे गुलाबी बोंडअळी. हिचा पतंग पात्या, फुले आणि कोवळी बोंडे यांवर अंडी घालतो. अंड्यातून निघालेली अळी बोंडात शिरते आणि तिने पाडलेले बारीक छिद्र बुजून जाते. बाहेरून बोंड हिरवेगार दिसते. आत अळी सरकी खात असते. बोंड फुटल्यावर किडका कापूस हाती येतो आणि तेव्हा शेतकऱ्याला नुकसान कळते. ही अळी प्रामुख्याने कपाशीवरच जगते. शेतात कपाशी नसेल, तर तिची उपासमार होते. मात्र वाळलेली बोंडे, उभ्या पऱ्हाट्या, सरकी आणि माती यांच्या आश्रयाने ती पुढच्या हंगामापर्यंत सुप्त राहू शकते.

२००२ मध्ये भारतात बीटी कपाशीच्या लागवडीला परवानगी मिळाली. मातीतील एका जिवाणूचा गुण या वाणात उतरवलेला असल्यामुळे त्याची पाने-बोंडे खाणाऱ्या बोंडअळ्या मरत. परंतु हजारो अळ्यांत एखादी अशी निघते की, तिला ते विष बाधत नाही. सगळीकडे बीटी कपाशीच असेल, तर इतर अळ्या मरतात आणि हीच तेवढी उरते. तिचीच प्रजा वाढते आणि थोड्या वर्षांत विष निकामी होते. याला उपाय म्हणून शेताच्या कडेने साध्या कपाशीच्या काही ओळी लावाव्यात, असे शास्त्रज्ञांनी सांगितले होते. त्या ओळींवर साध्या अळ्या जगतात, त्यांच्या पतंगांचे त्या विरळ पतंगांशी मीलन होते आणि पुढची प्रजा बहुधा पुन्हा विषाला बळी पडणारी निपजते. यासाठी ४५० ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर १२० ग्रॅम साधे बियाणे वेगळ्या पुडीत दिले जात असे. ज्याची जमीन थोडी, त्याला किडीसाठी ओळी सोडणे परवडेना. बहुतेकांनी ती पुडी पेरलीच नाही.

पुढची गाडी लवकरच डगमगू लागली. गुजरातेतील काही जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी बीटीच्या पहिल्या वाणाला दाद देत नाही, हे २०१० मध्ये जाहीर झाले. त्यापुढचा, दोन जनुकांचा वाणही २०१४ च्या सुमारास तेथे अपुरा पडू लागला. गुजरात हा खानदेशाचा शेजारी. तरीही ही बातमी परक्या वाटेची मानली गेली. २०१७ च्या हंगामात विदर्भ, मराठवाडा आणि खानदेश येथील कपाशीवर बोंडअळीने धाड घातली. फुटलेल्या बोंडांतून शुभ्र कापसाऐवजी किडका कापूस निघाला. पेरणी, खते आणि फवारणी यांसाठी काढलेले कर्ज अनेकांच्या अंगावर पडले.

याच काळात जगात दुसऱ्या बाजूची उदाहरणेही होती. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात शेतकऱ्यांनी साध्या कपाशीच्या ओळी लावण्याचा नियम पाळला आणि पुढे इतर उपायही एकजुटीने केले. आपल्या कपाशीतून ही अळी नाहीशी झाल्याचे अमेरिकेने २०१८ मध्ये जाहीर केले. चीनच्या यांगत्से नदीच्या खोऱ्यात शेतकरी संकरित कपाशीचे दुसऱ्या पिढीचे बियाणे पेरू लागले. त्यामुळे बीटी झाडांत साधी झाडे आपोआप मिसळली गेली आणि अळीचा वाढता प्रतिकार मागे हटला. पुढे चालणारा नेहमी पडतोच असे नाही. कधी तो सुखरूप पार होतो. तो कसा पार झाला, हे पाहणे हेही मागच्याचे काम आहे.

खानदेशातील शेतकऱ्यांनाही आता उपाय ठाऊक आहेत. हंगाम संपल्यावर अधिक वेचणीच्या आशेने कपाशी उभी ठेवणे, म्हणजे फरदड घेणे, टाळावे. पऱ्हाट्या उपटून त्यांची विल्हेवाट लावावी. जूनपूर्वी पेरणीची घाई करू नये, म्हणजे दोन हंगामांच्या मधल्या काळात अळीला खाद्य मिळत नाही. कामगंध सापळे लावून पतंगांवर नजर ठेवावी. यांपैकी एकही गोष्ट अवघड नाही. परंतु प्रत्येकीत थोडा तात्पुरता लाभ सोडावा लागतो. शिवाय एकाने पऱ्हाट्या काढल्या आणि शेजाऱ्याने ठेवल्या, तर पतंगाला बांध आडवा येत नाही. येथे एकट्याने शहाणे होऊन भागत नाही. सारे शिवार शहाणे व्हावे लागते.

म्हणीचा अर्थ सांगताना आणखी एक सावधगिरी हवी. पुढच्याला ठेच लागली, म्हणून मागच्याने चालणेच सोडून दिले, तर तो शहाणा नव्हे, भित्रा ठरतो. किल्लारीनंतर माणसांनी घरे बांधणे सोडले नाही. ती नीट बांधण्याचा प्रयत्न केला. बोंडअळी आली, म्हणून काळ्या जमिनीने कपाशीला निरोप दिला नाही. वाट चालायचीच आहे. ती डोळे उघडे ठेवून चालायची आहे. तसेच पडलेल्याला हसणे हेही शहाणपण नव्हे. त्याच्या वेदनेमुळे आपला पाय वाचला, हे जाणून त्याला आधी हात द्यावा.

आणि जो आज मागे आहे, त्याच्याही मागून कोणीतरी येत असते. दगड दिसल्यावर स्वतःचे पाऊल चुकवून पुढे जाणारा मनुष्य शहाणा खरा. परंतु थांबून, वाकून तो दगड वाटेतून काढून टाकणारा अधिक शहाणा. कारण मागून येणाऱ्यांना त्या ठिकाणी ठेच लागण्याची वेळच येत नाही.